विश्लेषण : जपानचा लांडगा-देव आणि ताडोबाचा तारू, ‘ओकामी’ची गोष्ट चंद्रपूर-गडचिरोलीत का वाचावी?

दूरदर्शनवर १९९३ साली रविवारी सकाळी लागणारं ‘जंगल बुक’ आधीच्या पिढीला अजून आठवतं. गुलजारांचं शीर्षकगीत, विशाल भारद्वाज यांचं संगीत आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज. त्या मालिकेबद्दलची एक गोष्ट मात्र अनेकांना माहीत नसते. ती भारतात बनलेली नव्हती, अमेरिकेतही नव्हती. ती जपानी अ‍ॅनिमे होती. निप्पॉन अ‍ॅनिमेशन या स्टुडिओने ती १९८९ मध्ये तयार केली, ५२ भागांची.

म्हणजे नागपूरच्या सीमेला लागून असलेल्या शिवनीच्या जंगलातली गोष्ट एका इंग्रज लेखकाने लिहिली, जपानी चित्रकारांनी रेखाटली आणि ती हिंदीत डब होऊन परत विदर्भातल्या घरांत आली. त्या चित्रकारांनी माणसाचं मूल वाढवणारा लांडग्यांचा कळप फार प्रेमाने काढला होता. त्यांच्या स्वतःच्या देशात तेव्हा एकही रानटी लांडगा नव्हता. शेवटची खात्रीशीर नोंद होऊन ८४ वर्षं उलटली होती.

‘नारुतो’मधला नऊ शेपट्यांचा कोल्हा आज चंद्रपूरच्या कॉलेजकट्ट्यावरही ओळखीचा आहे. त्या कोल्ह्याचं मूळ ‘कित्सुने’ या जपानी लोककथेतल्या प्राण्यात आहे. ही गोष्ट त्याच्या वैऱ्याची, ‘ओकामी’ची आहे. कोल्ह्याइतकी त्याची चर्चा होत नाही. पण वाघासोबत रोज राहणाऱ्या दोन जिल्ह्यांसाठी तो जास्त कामाचा आहे.

ओकामी म्हणजे नेमकं काय?

जपानी भाषेत ‘ओकामी’ म्हणजे लांडगा. हाच उच्चार वेगळ्या अक्षरांत लिहिला तर अर्थ होतो ‘मोठा देव’. हा योगायोग की मुळातच एक शब्द, यावर अभ्यासक बोलत राहतात. डोंगरातल्या शेतकऱ्याला त्याची फिकीर नव्हती, त्याच्यासाठी दोन्ही एकच होतं.

टोकियोच्या वायव्येला सैतामा प्रांतात चिचिबू नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथे मित्सुमिने हे देवस्थान आहे. जपानी देवळांच्या दारात सहसा सिंहासारखे दिसणारे दगडी राखणदार असतात, इथे त्या जागी लांडगे बसलेले आहेत. त्यांना आदराने ‘ओइनु-सामा’ म्हणतात, शब्दशः ‘श्वान महाराज’. आपल्याकडे वाघाचा ‘वाघोबा’ होतो, तसंच.

देवळातून लांडग्याचं चित्र छापलेला कागदी ताईत मिळतो. शेतकरी तो घरी आणून लावायचे. कारण अगदी व्यावहारिक होतं. डोंगरउतारावरची शेती रानडुक्कर आणि हरणं फस्त करायची आणि त्यांना आवर घालणारा एकच प्राणी होता. लांडगा म्हणजे पिकाचा राखणदार. धानाच्या बांधीवर मचाण बांधून रात्र जागवणाऱ्या सिंदेवाहीच्या किंवा आरमोरीच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

पुढे राखणीचा हा अर्थ वाढत गेला. आग, चोरी, रोगराई, सगळ्यांवर लांडग्याचा ताईत चालू लागला. १८५८ मध्ये जपानमध्ये कॉलराची मोठी साथ आली. रोग कोल्ह्याच्या भुतामुळे पसरतो अशी अफवा उठली आणि कोल्ह्याला पळवून लावणारा म्हणून मित्सुमिनेच्या ताइतांची मागणी एकदम वाढली.

रात्री सोबत करणारा लांडगा

ओकामीच्या कथांतला सगळ्यात चांगला प्रकार आहे ‘ओकुरी-ओकामी’, म्हणजे पोचवायला येणारा लांडगा.

गोष्ट अशी. तुम्ही रात्री एकटे डोंगरातल्या वाटेने निघाला आहात. मागे पावलांचा आवाज येतो. वळून पाहिलं तर काही नाही, पण तो मागे आहे. तुम्ही नीट चालत राहिलात तर तो काही करत नाही. उलट तो मागे असल्यामुळे दुसरं कुठलं जनावर जवळ येत नाही. पण तुम्ही ठेच लागून पडलात, तर तो झडप घालतो.

पडलातच तर उपाय सांगितला आहे. घाबरायचं नाही. मुद्दामच बसल्यासारखं करायचं. दमून टेकताना आपण ‘हुश्श’ म्हणतो तसा जपानी शब्द मोठ्याने उच्चारायचा, चप्पल नीट केल्याचं नाटक करायचं आणि उठून चालू लागायचं. घरी पोचल्यावर मागे वळून त्याचे आभार मानायचे, खायला काहीतरी किंवा पायातली चप्पल ठेवायची. मग तो निघून जातो.

ही नुसती कल्पना नव्हे. लांडगा आपल्या हद्दीत शिरलेल्या परक्यावर लक्ष ठेवत बराच वेळ मागे चालतो, हे वर्तन निसर्ग अभ्यासकांच्या परिचयाचं आहे. लोकांनी ते पाहिलं आणि त्यातून नियम तयार केला : पळू नका, पडू नका, घाबरल्याचं दाखवू नका. जंगलात शिरणाऱ्या माणसासाठी सुरक्षेची सूचना भुताच्या गोष्टीत गुंडाळून दिलेली होती.

आजच्या जपानीत ‘ओकुरी-ओकामी’ हा शब्द वेगळ्याच अर्थाने जिवंत आहे. रात्री मुलीला घरी सोडतो म्हणणारा आणि मनात भलतंच असणारा पुरुष, असा त्याचा अर्थ झाला आहे. लांडगा गेला, पण संशय घ्यायला त्याचं नाव उरलं.

मग देव मेला कसा?

१७३२ च्या सुमारास जपानमध्ये रेबीजची साथ पसरली. पिसाळलेले लांडगे माणसांवर येऊ लागले आणि राखणदाराची भीती वाटू लागली. तरी खरा घाव नंतर बसला. १८६८ नंतरच्या मेइजी सरकारला देश झपाट्याने आधुनिक करायचा होता. उत्तरेच्या होक्काइदो बेटावर अमेरिकेच्या धर्तीवर घोडे आणि गुरांची मोठी कुरणं उभी करायची ठरली. त्यासाठी एडविन डन नावाचा अमेरिकी पशुपालक नोकरीवर आणला गेला. लांडगे शिंगरांचा फडशा पाडतात म्हटल्यावर त्याने आपल्या देशातला उपाय वापरला. मांसात स्ट्रिक्निन हे विष घालून ते रानात टाकायचं. शिवाय मारलेल्या लांडग्यामागे सरकारी बक्षीस. १८९० च्या आसपास होक्काइदोचा लांडगा संपला.

होक्काइदो ही ऐनू या आदिवासी समाजाची भूमी. त्यांच्यासाठी लांडगा हा ‘कामुई’, म्हणजे देव. त्यांच्या देवावर बक्षीस लावताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मुख्य बेटावरचा लांडगा आणखी थोडी वर्षं तगला. जानेवारी १९०५ मध्ये नारा प्रांतातल्या हिगाशी-योशिनो इथे शिकाऱ्यांनी एक मेलेला लांडगा माल्कम अँडरसन या अमेरिकी संग्राहकाला विकला. त्याचं कातडं आणि कवटी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. जपानी लांडग्याची ती शेवटची खात्रीशीर नोंद. त्या गावात आता लांडग्याचा कांस्य पुतळा उभा आहे.

पडद्यावर मात्र तो वाढतच गेला

लांडगा संपला, पण ओकामी संपला नाही. १९९७ मध्ये हायाओ मियाझाकी यांचा ‘प्रिन्सेस मोनोनोके’ आला. त्यात मोरो ही प्रचंड पांढरी लांडगीण जंगलाची देवता आहे. तिने सान या माणसाच्या मुलीला वाढवलं आहे. समोर आहे लोखंड गाळणारी वस्ती, जिला जंगल कापल्याशिवाय जगता येत नाही. या सिनेमाची खरी ताकद म्हणजे वस्तीची प्रमुख एबोशी ही खलनायिका नाही. ती कुष्ठरोग्यांना काम देते, विकल्या गेलेल्या बायकांना आसरा देते. जंगल मारणारा माणूस वाईटच असतो, ही सोय मियाझाकी प्रेक्षकाला देत नाहीत. लोहखनिजाच्या खाणीवरून वर्षानुवर्षं धगधगणाऱ्या गडचिरोलीत बसून हा सिनेमा पाहिला तर तो फार लांबचा वाटत नाही. एकच सिनेमा पाहायचा असेल तर हा पाहा.

२००६ मध्ये कॅपकॉमने ‘ओकामी’ नावाचाच व्हिडिओ गेम आणला. त्यात सूर्यदेवता आमातेरासू पांढऱ्या लांडग्याच्या रूपात धावते आणि तिच्या पावलांमागे फुलं उमलतात. २०१२ चा मामोरू होसोदा यांचा ‘वुल्फ चिल्ड्रन’ अधिक घरगुती आहे. लांडग्याच्या वंशातल्या शेवटच्या माणसाशी संसार केलेली बाई आणि तिची अर्धी लांडगा असलेली दोन मुलं. मुलांनी माणूस व्हायचं की जनावर, हा त्यातला प्रश्न. मराठी मातीतली भुतंही अलीकडे पडद्यावर आली आहेत. ‘तुंबाड’ (२०१८) आणि ‘मुंज्या’ (२०२४) ही त्यातली गाजलेली नावं. मात्र दोन्हींचा मुलूख कोकणपट्टी आणि घाटाचा. झाडीपट्टीच्या जंगलातल्या कथांकडे कॅमेरा अजून फारसा वळलेला नाही.

ताडोबातला देव कोण?

‘ताडोबा’ हे नाव तारू या देवावरून आलं, असं सांगितलं जातं. कथा थोडक्यात अशी : तारू हा गोंडांच्या गावाचा प्रमुख. त्याची वाघाशी झुंज झाली, त्यात तो मेला आणि लोकांनी त्याला देव मानलं. ताडोबा तलावाच्या काठी मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे. पौष महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, तिथे आदिवासींची जत्रा भरत आली आहे.

ही गोष्ट पर्यटनाच्या प्रत्येक माहितीपत्रकात दोन ओळींत असते आणि तिथे वाचणाऱ्याच्या नजरेतून एक गोष्ट सुटते. वाघांच्या या राजधानीचा देव वाघ नाही. वाघाने मारलेला माणूस हा तिथला देव आहे. मित्सुमिनेत जनावर पूजलं जातं, ताडोबात बळी.

वाघाला थेट देव मानणारी परंपराही महाराष्ट्रात आहे. वाघोबा, वाघदेव अशी त्याची नावं. ठाणे, पालघर आणि मुंबई उपनगर भागात वारली समाजाची वाघोबाची दीडशेहून अधिक ठाणी अभ्यासकांनी नोंदवली, तो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. लाकडावर किंवा दगडावर कोरलेला वाघ, शेंदूर, सोबत अनेकदा चंद्र-सूर्य. आश्विन वद्य द्वादशीला शहरात वसुबारस असते, गाय-वासराची पूजा होते. त्याच दिवशी वारली पाड्यांवर वाघबारस असते. एकाच तिथीला एकीकडे गाय आणि दुसरीकडे तिला खाणारा. वाघोबाशी व्यवहार ठरलेला आहे : आम्ही तुला मान देतो, तू आमच्या गुरांना आणि माणसांना सांभाळ. पण तेवढ्याने वाघाचा हल्ला होणार नाही असं वारलीही मानत नाहीत, आणि मान द्यायचा राहिला तर तो रागावतो असंही ते सांगतात.

चंद्रपूरकरांच्या रोजच्या वाटेवर आणखी एक अद्भुत पशू आहे, ज्याच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही. गोंड राजांच्या परकोटाच्या दरवाजांवर, जटपुरा असो की पठाणपुरा, हत्तीला लोळवणारा सिंहासारखा प्राणी कोरलेला आहे. तो गोंड सत्तेचं चिन्ह. खऱ्या सिंहाशी त्याचं फारसं साम्य नाही. हत्तीला पंजाखाली दाबणारा सिंह तसाही कुणी पाहिलेला नाही. जटपुरा गेटच्या गर्दीत हॉर्न वाजवत त्याच्याखालून आपण रोज जातो.

वाघाच्या डोक्यावर बसलेलं भूत

ठगांच्या बंदोबस्तामुळे ओळखला जाणारा इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन याने १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात मध्य भारतातली एक समजूत टिपली आहे. वाघाने माणूस मारला की त्या माणसाचं भूत वाघाच्या डोक्यावर बसतं आणि त्याला धोक्यातून वाट दाखवतं. जिथे बळी गेला तिथे लोक दबा धरून बसणार हे भुताला ठाऊक असतं, म्हणून ते वाघाला दुसरीकडे नेतं. म्हणूनच नरभक्षक हाती लागत नाही. एक मुळी खाल्ली की माणूस वाघ होतो आणि दुसरी खाल्ली की पुन्हा माणूस, अशीही कथा त्याने ऐकली होती.

गंमत म्हणजे चीनमध्ये नेमकी अशीच समजूत आहे. वाघाने खाल्लेल्या माणसाचं ‘छांग’ नावाचं भूत होतं आणि ते वाघासाठी पुढचं सावज शोधून आणतं. दुष्टाला साथ देणाऱ्यासाठी चिनी भाषेत त्यावरून वाक्प्रचारच तयार झाला आहे. हजारो किलोमीटर लांबच्या दोन समाजांनी एकच भूत कसं निर्माण केलं? माझ्या मते उत्तर साधं आहे. दोघांनी एकच वर्तन पाहिलं. गाजावाजा झाल्यावर वाघ त्या जागी फिरकत नाही आणि पुढची घटना भलत्याच ठिकाणी होते. याचं कारण हवं होतं, ते भुताने पुरवलं.

आजच्या भाषेत याला वाघाची हालचाल म्हणतात. गडचिरोलीतल्या वडसा परिसरात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी ‘सीटी-१’ हा वाघ बेशुद्ध करून पकडण्यात आला. गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर अशा तीन जिल्ह्यांत मिळून त्याने १३ जणांचा जीव घेतला होता. एका जिल्ह्यात शोध सुरू असताना तो दुसऱ्या जिल्ह्यात निघायचा. दोनशे वर्षांपूर्वी त्याच्या डोक्यावर नक्कीच कुणीतरी बसलेलं दिसलं असतं.

नावं असलेले वाघ, आकडे झालेली माणसं

जपानमध्ये ओकामीचं जे पडद्यावर झालं, ते ताडोबात जिवंत वाघांचं होत आहे. माया, वाघडोह, मटकासुर, छोटी तारा. या नावांना इन्स्टाग्रामवर चाहते आहेत. बल्लारशा आणि चंद्रपूर रेल्वे स्थानकांच्या भिंतींवर वाघांची चित्रं आहेत आणि त्या सजावटीसाठी २०१८ मध्ये रेल्वेच्या स्पर्धेत या स्थानकांना पहिला क्रमांक मिळाला. माया वाघिणीवर ऐश्वर्या श्रीधर या तरुण छायाचित्रकाराने केलेला माहितीपट २०१९ मध्ये आला. त्याचं नाव ‘टायगर क्वीन ऑफ तारू’. वाघाशी झुंजून मेलेल्या माणसाचं नाव तिथे वाघिणीच्या राज्याचं नाव झालं.

२० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबात वाघांच्या खुणा मोजण्याचं काम पायी सुरू असताना एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. हल्ला करणारी माया असल्याचं तेव्हा बातम्यांत आलं. ऑगस्ट २०२३ नंतर माया दिसेनाशी झाली. ती गेली कुठे यावर सोशल मीडियावर महिनोन् महिने चर्चा झाली. नोव्हेंबरमध्ये सापडलेल्या अवशेषांच्या डीएनए तपासणीतून ती मेल्याचं स्पष्ट झालं. मायाच्या शोधाची गोष्ट जितक्या लोकांना माहीत आहे, तितक्यांना त्या वनरक्षकाचं नाव आठवत नाही.

नावांतही एक पद्धत दिसते. जिप्सीतून दिसणाऱ्या वाघाला नाव मिळतं. गावाजवळ माणूस मारणाऱ्याला कोड मिळतो : सीटी-१, राजुऱ्यात २०२० मध्ये पकडलेला आरटी-१. आणि मेलेल्या माणसाला पंचनामा मिळतो. राज्य सरकारने २०२३ मध्ये मृताच्या वारसांना मिळणारी मदत २५ लाख रुपये केली, तिचा मोठा भाग मुदत ठेवीत राहतो. ती मिळायलाच हवी. पण जुन्या गावाने तारूचं जे केलं, ते वेगळं होतं. त्याचं नाव जंगलालाच दिलं.

आकडे काय सांगतात?

महाराष्ट्रात २०१४ च्या गणनेत १९० वाघ होते, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४. यात सगळ्यात मोठा वाटा चंद्रपूर जिल्ह्याचा. ताडोबा-अंधारी प्रकल्प साधारण १,७२७ चौरस किलोमीटरचा आहे. त्यातला सुमारे ६२५ चौरस किलोमीटर गाभा, बाकी बफर, जिथे माणसं राहतात. तरुण वाघ हद्द शोधत बाहेर पडतात, ब्रह्मपुरीच्या जंगलातून वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत जातात. २०२२ या एका वर्षात चंद्रपूर जिल्ह्यात वन्यप्राण्यांच्या हल्ल्यांत ५० हून अधिक माणसं मेली.

तुलनेसाठी जपान बघा. २०२३-२४ या आर्थिक वर्षात तिथे अस्वलांच्या हल्ल्यांत २१९ जण सापडले, त्यापैकी ६ जणांचा मृत्यू झाला. साऱ्या देशात मिळून सहा. तरी महिनोन् महिने ती राष्ट्रीय बातमी होती, अस्वलं मारावीत की नाही यावर टीव्हीवर वाद झाले. चंद्रपूरच्या एका जिल्ह्यातला त्याहून आठपट मोठा आकडा मुंबईच्या आवृत्तीत आतल्या पानावर जातो. हे आमच्या धंद्याबद्दलही बरंच काही सांगतं.

जपानला लांडगा परत हवा आहे का?

काहींना हवा आहे. तिथे लांडगा गेल्यावर सिका हरणांना आवर राहिला नाही. ती पिकं खातात, डोंगरावरची कोवळी झाडं सोलून काढतात, खालची माती सुटी होते. नाओकी मारुयामा या संशोधकाच्या पुढाकाराने १९९३ मध्ये ‘जपान वुल्फ असोसिएशन’ स्थापन झाली. परदेशातून लांडगे आणून सोडावेत ही तिची मागणी. सरकारने ती मान्य केलेली नाही. डोंगरातल्या गावांत आता म्हातारी माणसं उरली आहेत आणि लांडग्यासोबत कसं राहायचं हे त्यांच्या आजोबांना ठाऊक होतं, त्यांना नाही.

इकडे उलट चित्र आहे. सवय अजून आहे, पण ती रोज ताणली जाते. रानडुक्कर आणि रोही धान-कापूस खातात म्हणून कुंपणात वीज सोडली जाते आणि त्या तारेला वाघ चिकटतो. मित्सुमिनेच्या शेतकऱ्याने डुकरासाठी लांडग्याचा ताईत लावला, इथे डुकरासाठी लावलेली तार वाघाला मारते. शेतकऱ्याला दोष देऊन हे सुटणार नाही. पिकाच्या नुकसानीची भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळाली, सौर कुंपण खरंच शिवारापर्यंत पोचलं, तर त्या तारेची गरज कमी होईल.

गावांत आता वेगळा राखणदार आला आहे. ताडोबाच्या मोहर्ली भागातल्या सीतारामपेठमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे कॅमेरे बसवले गेले. वाघ गावाकडे येताना दिसला की यंत्रणा ओळखते आणि इशारा देते. तंत्र म्हणून हे चांगलं आहे. मर्यादा एवढीच की कॅमेरा गावाची कड राखतो आणि माणूस मरतो तो बहुतेक वेळा गावाबाहेर, कामावर. सरपणाला, गुरांमागे, मोहफुलाला, तेंदूपत्त्याला गेलेला.

चिचिबूच्या डोंगरातही कॅमेरे आहेत. १९९६ मध्ये तिथे एका माणसाने लांडग्यासारख्या दिसणाऱ्या प्राण्याचे फोटो काढले. तो लांडगा होता की रानटी झालेलं कुत्रं, यावर अजून एकमत नाही. तो माणूस पुढेही वर्षानुवर्षं डोंगरात कॅमेरे लावत राहिला.

वाकलेल्या माणसाचा धोका

१० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात मेंढा-माल गावच्या तीन महिला तेंदूपत्ता तोडायला गेल्या असताना वाघिणीच्या हल्ल्यात एकाच दिवशी ठार झाल्या. मार्च-एप्रिलचं मोहफूल आणि त्यापाठोपाठचा तेंदूपत्ता हा या दोन जिल्ह्यांत रोख पैशाचा हंगाम. कामाला भल्या पहाटे सुरुवात करावी लागते. मोहफूल जमिनीवरून वेचायचं, तेंदूची पानं खुरट्या झुडपांवरून तोडायची. दोन्ही कामं बसून किंवा वाकून. उभा माणूस वाघाला सहसा सावज वाटत नाही. वाकलेला माणूस उंचीने आणि आकाराने चितळ-डुकरासारखा दिसतो.

ओकुरी-ओकामीच्या गोष्टीतला नियम आठवा : उभे आहात तोवर तो काही करत नाही, पडलात की झडप घालतो.

वनविभागाच्या सूचना तशाच आहेत. उजाडल्याशिवाय जंगलात शिरू नका. एकट्याने जाऊ नका, गटाने जा आणि गट विखुरू देऊ नका. बोलत राहा, आवाज करत राहा. काही जण वाकले असताना कुणीतरी उभं राहून चौफेर पाहत राहावं. वाघ दिसला तर पाठ करून पळू नका, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरका. बफरमधल्या अनेक गावांत प्राथमिक प्रतिसाद पथकं आहेत, त्यातल्या तरुणांचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असावा.

अडचण एकच. पुड्यामागे ठरलेले पैसे मिळतात, तेव्हा उभं राहून पहारा देणारीचे पुडे कमी भरतात. तिच्या हिश्शाची मजुरी कुणी द्यायची, याचं उत्तर अजून कुठल्याही सूचनेत नाही.